होडीतला माणूस

समुद्र पोहून पार करणाऱ्या एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा फोटो वर्तमानपत्रात आला, तर तो जरा नीट बघा. गळ्यात हार असतो, बाजूला हसणारे आई-बाबा असतात, कुणीतरी पुढारी असतात. आणि मागे, फोटोच्या अगदी कडेला, कधीकधी एका होडीचं टोक दिसतं. त्या होडीत जो माणूस उभा असतो, त्याचं नाव फोटोखाली बहुधा नसतंच. आज आपण त्याच्याविषयी बोलणार आहोत.

पण आधी माझीच एक फजिती सांगतो. मामाच्या गावाला खाडी होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही चार-पाच पोरांनी पैलतीराला पोहत जायचं ठरवलं. तलावात पोहायला येत होतंच, मग खाडीत काय मोठं? काठावर एक म्हातारे तांडेल जाळं विणत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "पोरांनो, आज तिथ कंची?" आम्हाला कुठली ठाऊक! म्हाताऱ्याने नारळाचं एक सोडण उचललं, पाण्यात फेकलं आणि म्हणाला, "याच्याबरोबर धावा बघू काठानं." आम्ही धावलो. दोन मिनिटांत सोडण खाडीच्या तोंडाकडे निघून गेलं आणि आम्ही धापा टाकत मागे राहिलो. पौर्णिमा होती आणि ओहोटी लागली होती. सोडणाच्या जागी कोण असतं, हे कुणी कुणाला सांगावं लागलं नाही. आम्ही मुकाट्याने कपडे घातले.

आता इथून थेट इंग्लिश खाडीवर जाऊ. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधला हा समुद्र डोव्हरजवळ सगळ्यांत अरुंद आहे, सुमारे ३३ किलोमीटर. लांब अंतर पोहणाऱ्यांना ही खाडी म्हणजे गिर्यारोहकांना एव्हरेस्ट, तसं वाटतं. इथे पोहणाऱ्याबरोबर एक बोट असावीच लागते, आणि त्या बोटीच्या कप्तानाला म्हणतात पायलट. नाही, विमानाचा नाही! बंदरात मोठ्या जहाजांना वाट दाखवणाऱ्यालाही पायलटच म्हणतात, त्यातलाच हा शब्द.

हे पायलट येतात कुठून? पोहण्याच्या शाळेतून तर नाहीच. यांच्यातले बरेच जण डोव्हर, फोकस्टन या गावांतले मासेमार. मासे पकडायची जी बोट, तीच उन्हाळ्यात पोहणाऱ्याच्या सोबतीला जाते. पाणी कोणत्या वेळी कुठे ओढतं, कोणत्या वाऱ्याने लाट उभी राहते, हे सगळं त्यांनी जाळी टाकता टाकता शिकलेलं असतं. जाळं चुकीच्या जागी टाकलं की घरी रिकाम्या हाताने जावं लागतं. त्यामुळे हा अभ्यास पक्का होतो, परीक्षेच्या आदल्या रात्री केलेल्या अभ्यासासारखा नाही!

या अभ्यासाचं एवढं महत्त्व का, ते बघा. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीतून तुम्ही कधी रस्ता ओलांडलाय? तुम्ही समोरच्या दुकानाकडे नाकासमोर चालत असता, पण गर्दी तुम्हाला बाजूला नेत असते. पलीकडे पोचता तेव्हा दुकान कुठल्या कुठे मागे राहिलेलं असतं. इंग्लिश खाडीत भरतीचं पाणी एका दिशेने वाहतं, सुमारे सहा तासांनी ते फिरतं आणि उलट दिशेने वाहू लागतं. पोहणारा मधून आडवा जात असतो. म्हणून त्याची वाट नकाशावर काढली तर ती सरळ रेघ दिसत नाही, एखाद्या सापासारखी वळणावळणाची दिसते.

कॅप्टन मॅथ्यू वेब हा खाडी पोहून पार करणारा पहिला माणूस. १८७५च्या ऑगस्टमध्ये तो डोव्हरहून निघाला. फ्रान्सचा किनारा दिसू लागला, आणि तिथेच पाण्याने त्याला अडवलं. किनारा समोर, पण जवळच येईना. असे सुमारे पाच तास गेले! २१ तास ४५ मिनिटांनी तो कॅलेच्या वाळूवर उभा राहिला, तेव्हा तो सरळ अंतराच्या जवळजवळ दुप्पट अंतर पोहला होता.

म्हणून पायलट आधी दिवस निवडतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाणाची भरती असते, ओढ जबरदस्त. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तेव्हा पाण्याला जोर कमी. पायलट सहसा भांगाचे दिवस धरतात. इंग्लंडमधल्या मासेमारांना अष्टमी-पौर्णिमा ही नावं कुठून माहीत असणार, पण प्रश्न मात्र आमच्या तांडेलांचाच. आपल्याकडे धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे सुमारे ३६ किलोमीटरचं अंतर पोहणाऱ्यांनाही भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघूनच निघावं लागतं.

मार्गदर्शकांची दुसरी जात आहे, ती स्वतः पोहलेल्यांची. यातली दोन माणसं मला फार आवडतात. एक जेबेझ वुल्फ, स्कॉटलंडचा. दुसरा बिल बर्जेस, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. दोघेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खाडीच्या मागे हात धुऊन लागले होते. वेबनंतर कित्येक वर्षं कुणालाच ते जमलं नव्हतं. बर्जेस पुन्हा पुन्हा हरला आणि शेवटी १९११ मध्ये २२ तास ३५ मिनिटांत पलीकडे पोचला. वुल्फ २२ वेळा निघाला. ताल चुकू नये म्हणून बोटीत बॅगपाइप वाजवणाऱ्यालासुद्धा बसवायचा! पण बाविसाच्या बावीस वेळा त्याला बाहेर यावं लागलं, एकदा तर किनारा अगदी हाताशी आला असताना.

आता गंमत बघा. १९२५ मध्ये गरट्रूड एडर्ली नावाची १९ वर्षांची अमेरिकन मुलगी खाडी पोहायला आली. ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलेली. तोपर्यंत एकाही बाईने खाडी पार केली नव्हती. तिचा मार्गदर्शक होता वुल्फ. सुमारे नऊ तास झाले होते. ती पाण्यावर पडून होती. वुल्फला वाटलं ही बुडतेय. त्याने सोबतच्या एका पोहणाऱ्याला तिला धरायला सांगितलं. आणि नियम असा की पोहणाऱ्याला कुणाचाही हात लागला की खेळ खलास. एडर्ली चिडली. ती म्हणाली, मी फक्त विश्रांती घेत होते.

तुम्हाला काय वाटतं? वुल्फ चुकला? बहुतेक पुस्तकं त्याला खलनायक करून टाकतात. मला तसं वाटत नाही. बोटीतून दिसतं ते फक्त डोकं आणि पाठ. विश्रांती घेणारी पाठ आणि शुद्ध हरपलेली पाठ यांत लांबून फरक तो काय? स्वतः बावीस वेळा थंड पाण्यात हरलेल्या माणसाला भीती जास्त वाटली असेल, एवढंच. मात्र एडर्लीच्या बाजूने बोलायचं, तर वर्षभराची मेहनत एका स्पर्शाने पुसली गेली. राग येणारच.

पुढच्या वर्षी ती परत आली, आणि या वेळी मार्गदर्शक घेतला बर्जेस. ६ ऑगस्ट १९२६. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून सकाळी सुरुवात झाली. दुपारनंतर हवा बिघडली, लाटा उसळू लागल्या. बोटीवरून तिला बाहेर यायला सांगण्यात आलं. तिने पाण्यातूनच उलट विचारलं, "कशासाठी?" या खेपेस तिचे वडीलही बोटीवर होते, आणि तिला हात लावायचा नाही हे आधीच ठरलेलं होतं. सुमारे साडेचौदा तासांत ती इंग्लंडला पोचली. तिच्याआधी पाच पुरुष पार गेले होते. त्यांच्यातल्या सगळ्यांत वेगवान माणसापेक्षा ती जवळजवळ दोन तास लवकर पोचली!

भारतातल्या आरती साहाची गोष्ट याहून चुटपुट लावणारी आहे. कोलकात्याची ही मुलगी. १९५८ मध्ये मिहिर सेन हे खाडी पार करणारे पहिले भारतीय ठरले, आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९५९ मध्ये, १८ वर्षांची आरती फ्रान्सच्या किनाऱ्यावर उभी राहिली. सगळी तयारी झालेली, पण तिची पायलट बोटच आली नाही. आली ती ४० मिनिटं उशिरा. शाळेला ४० मिनिटं उशीर झाला तर एक तास बुडतो. इथे हाताशी असलेलं पाणीच निघून गेलं. ती तासन् तास पोहली. इंग्लंडचा किनारा पाच मैलांवर आला आणि उलटा प्रवाह सुरू झाला. कितीतरी तासांत जेमतेम दोन मैल पुढे सरकली. तिला थांबायचं नव्हतं, पण पायलटने आग्रह धरला आणि तिला बाहेर यावं लागलं. महिन्याभराने, २९ सप्टेंबरला, ती पुन्हा उतरली आणि १६ तास २० मिनिटांत इंग्लंडला पोचली. खाडी पार करणारी आशियातली ती पहिली स्त्री. त्याच्या पाचच दिवस आधी तिला १९ वर्षं पूर्ण झाली होती.

मग 'पुरे' म्हणायचं कुणी? खाडीवर आज नियम स्पष्ट आहे: पायलटने बाहेर ये म्हटलं की यायचं. वाद घालायचा नाही. कारण थंडी आधी स्नायू पकडते आणि मग विचार पकडते. उन्हाळ्यातही तिथलं पाणी १५ ते १८ अंशांच्या आसपास असतं. गारठलेल्या माणसाला आपण गारठलोय हे कळत नाही, उलट आपण मस्त पोहतोय असं वाटतं. म्हणून बोटीवरचे लोक घड्याळ लावून त्याचे हात मोजतात. मिनिटाला साठ वेळा पडणारा हात हळूहळू पन्नासवर आला की कान टवकारले जातात. मग साधेसुधे प्रश्न विचारायचे. बहिणीचं नाव काय? आज वार कोणता? उत्तर चुकलं, किंवा यायला वेळ लागला, तर शिडी खाली जाते. १९५४ मध्ये एडवर्ड मे नावाचा एक इंग्रज सोबतीला बोट न घेताच खाडीत उतरला. त्याला प्रश्न विचारायला कुणी नव्हतं. तो परत आला नाही.

बोटीवर आणखी एक माणूस असतो, निरीक्षक. त्याचं काम नियम पाळले जातात की नाही हे बघायचं. याचीही एक मजेशीर हकीकत आहे. १९२७ मध्ये डॉ. डोरोथी लोगन नावाच्या बाईंनी खाडी पार केल्याचं जाहीर केलं, बक्षीसही मिळालं. मग काही दिवसांनी त्यांनीच सांगून टाकलं की, बराचसा वेळ मी बोटीतच होते! कुणी तपासत नाही, हेच त्यांना दाखवायचं होतं म्हणे. खाडी पोहण्यावर देखरेख करणारी संस्था त्याच वर्षी सुरू झाली.

आता या मंडळींचे सल्ले. ऐकायला अगदी साधे आहेत. पहिला म्हणजे, अजून किती राहिलंय असं विचारू नकोस. कारण पायलटकडे खरं उत्तर नसतं. दोन किलोमीटर राहिले असतील, पण पाणी फिरलं तर त्याला चार तास लागू शकतात. त्यापेक्षा पुढच्या पेयापर्यंतच पोह. दर अर्ध्या-पाऊण तासाने दोरीला बांधलेली बाटली पाण्यात सोडतात. ती तरंगत तरंगत प्यायची, बोटीला हात लावायचा नाही, आणि तेही झटपट. कारण तुम्ही प्यायला थांबता, पण प्रवाह थांबत नाही. दुसरा सल्ला असा की, पोट बिघडलं, खांदा दुखला, रडू आलं, तर ते लगेच सांग. पराक्रम म्हणून लपवू नकोस. लपवलेल्या गोष्टीवर पायलटला काहीच करता येत नाही. आणि तलावात कितीही किलोमीटर मारलेस तरी थंड पाण्याचा सराव थंड पाण्यातच होतो. खाडीसाठी नाव नोंदवतानाच सहा तास थंड पाण्यात पोहल्याचा दाखला लागतो. सहा तास! आपण थंडीच्या दिवसांत आंघोळीच्या पहिल्या तांब्यालाच किती आढेवेढे घेतो!

पुण्याच्या रोहन मोरेने असल्या सात सामुद्रधुन्या पार केल्या. २०१८ मध्ये न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पोहून त्याने सात पुऱ्या केल्या, आणि हे करणारा तो पहिला आशियाई ठरला. सात समुद्र म्हणजे सात अनोळखी पाणी, आणि प्रत्येक ठिकाणी बोटीत एक नवा माणूस, ज्याच्या शब्दावर अंधारात, डोकं पाण्यात घालून, विश्वास ठेवायचा.

शेवटी काय होतं, तेही सांगतो. किनारा जवळ आला की पाणी उथळ होतं आणि मोठी बोट पुढे जाऊ शकत नाही. शेवटचं थोडं अंतर पोहणाऱ्याबरोबर फार तर एक लहानशी होडी जाते. तो लटपटत उभा राहतो, पाण्याबाहेर पावलं टाकतो आणि बोटीवरून भोंगा वाजतो. स्वागताला बहुतेक वेळा कुणी नसतं. दोन-चार गोटे खिशात, नाही, खिसे कुठले, पोहण्याच्या कपड्यात कोंबून तो परत बोटीवर येतो. मग इंग्लंडपर्यंत काही तासांचा उलटा प्रवास. पोहणारा घोंगड्यात गुरफटून झोपलेला असतो. पायलट चाकावर असतो. भांगाचे दिवस अजून संपलेले नसतात, आणि हवा टिकली तर उद्या पहाटे धक्क्यावर दुसरा कुणीतरी त्याची वाट बघत उभा असतो.