हातचे काम : सुरीला बंद हवा

दिवाळीची सुट्टी लागली की आपल्या घरांतून दोन प्रकारची माणसे बाहेर पडतात. एक मामाच्या गावाला जाणारी आणि दुसरी पाठीला पिशवी लावून गडावर जाणारी. या दुसऱ्या मंडळींच्या पिशवीत कांदे-बटाटे असतात, खिचडीचे सामान असते आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक सुरी असते. आई कांदे-बटाट्यांची चौकशी करते. सुरीची कोणी करीत नाही. म्हणून यंदा या सदरात सुरीचे चामडी म्यान घरी कसे करावे, ते सांगतो.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. सैल म्यान उघड्या सुरीपेक्षा वाईट. उघडी सुरी दिसते, तेव्हा माणूस जपून वागतो. म्यानातली सुरी आपण विसरून जातो, आणि चढणीवर वाकलो की तीच अलगद निसटून खाली येते. मग ती स्वतःच्या मांडीवर येते, नाही तर मागून चढणाऱ्याच्या अंगावर. म्यानाचे काम सुरी झाकण्याचे आहेच. पण त्याहून मोठे काम ती धरून ठेवण्याचे आहे.

धरण्याच्या रीती अनेक आहेत. आपल्या कोकणात माडावर चढणारा कमरेच्या आकडीत कोयता अडकवतो. फिनलंडातल्या ‘पुक्को’ नावाच्या सुरीची मूठही बरीचशी म्यानात जाते, त्यामुळे तिला वेगळा बंद लागत नाही. आपल्या नेहमीच्या सुरीची मूठ मात्र बाहेरच राहते. तेव्हा तिला बंद हवाच.

सामान थोडे आहे. सुमारे तीन मिलिमीटर जाडीचे म्हशीचे कातडे घ्या. मुंबईकरांना ते धारावीच्या चामड्याच्या दुकानांत मिळेल. मात्र ते झाडांच्या साली-फळांनी कमावलेले असावे. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात, त्याच जातीचे. हे कातडे ओले करून दाबले की तो आकार वाळल्यावरही धरून ठेवते. पर्सचे मऊ, क्रोमवर कमावलेले कातडे येथे कामाचे नाही. याशिवाय आरी, दोन दाभणे, जाड दोरा, मधमाशीचे मेण, चामड्याला चालणारा गोंद आणि एक भक्कम टिचबटण जमवा.

मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर आधी नमुना कापा. कातड्याची घडी सुरीच्या पाठीकडे यावी आणि शिवण धारेकडे. धारेपलीकडे दीड सेंटिमीटर जागा सोडा. आता मर्माची गोष्ट ऐका. दोन पदरांच्या मध्ये, शिवणीच्या कडेने, त्याच कातड्याची सेंटिमीटरभर रुंद पट्टी घाला. ही पट्टी नसेल तर सुरी आत सारताना धार थेट दोऱ्यावर चालते आणि म्यान आतून उसवत जाते. बाहेरून काही दिसत नाही, हेच वाईट.

बंद आणि कमरपट्ट्याची पळी म्यानाच्या मागच्या बाजूला आधीच शिवून घ्यावी. म्यान बंद झाल्यावर तेथे हात पोचत नाही. बंद एकाच टाक्यावर ठेवू नका, तो फिरतो. चौकोनी शिवण घाला.

मग पट्टी चिकटवून भोके पाडा. जेवणाच्या काट्याने खुणा दाबल्या की भोके एका अंतरावर येतात. शिवणीच्या पाचपट दोरा घ्या, त्याला मेण लावा आणि दोन्ही टोकांना दाभण ओवा. प्रत्येक भोकातून दोन्ही दाभणे, एक इकडून, एक तिकडून. हा टाका मला आमच्या नाक्यावरच्या गटईवाल्या काकांनी शिकवला. यंत्राची शीण एक टाका तुटला की उसवत जाते. या शिवणीतला एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. दोन रुपयांसाठी ज्यांच्याशी आपण घासाघीस करतो, त्या हातांत केवढी विद्या आहे, हे त्यांच्याजवळ तासभर बसल्याशिवाय कळत नाही. या कामाकडे नाक मुरडून पाहण्याची आपल्यातल्या कित्येकांची पिढीजात खोड अशा बैठकीने गेली, तर म्यान फुकट पडले असे समजा.

शिवलेले म्यान कोमट पाण्यात काही मिनिटे भिजवा. सुरीला तेल लावून पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, आत सारा आणि बोटांनी चहूबाजूंनी दाबून आकार द्या. नंतर सावलीत वाळवा. उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवाल तर कातडे आक्रसून कडक होईल. वाळल्यावर वरून थोडे मेण चोळा. खोबरेल तेलाचा मोह टाळा, कारण त्याने कातडे मऊ पडते आणि पकड सुटते.

टिचबटण सर्वांत शेवटी. सुरी पूर्ण आत घालून, बंद ताणून, मगच खूण करा. मुठीपुढे आडपट्टी असेल तर बंद तिच्या लगेच मागे, बारीक जागी बसवा. स्वयंपाकाच्या सुरीसारखी मूठ सरळ असेल तर असा बंद घसरून निघतो. तेथे तो मुठीच्या टोकावरून घ्यावा. बंदाचे लांब टोक सुरीच्या पाठीकडून येऊ द्या, म्हणजे सोडल्यावर ते धारेखाली सापडणार नाही. बटणापुढे दीड सेंटिमीटर जीभ ठेवा. अंगठ्याला धरायला बरी पडते.

आता परीक्षा. खाली जाड गोधडी पसरा, मुलांना दूर करा आणि बंद लावून म्यान उलटे धरून जोराने हलवा. सुरी जागची हलता कामा नये. मग बंद सोडून म्यान नुसते उलटे धरा. तरीही ती आपल्या वजनाने पडता कामा नये. दोन्ही परीक्षांत उतरली तरच म्यान पिशवीत जाऊ द्या.

एक सूचना राहिली. पावसाळाभर सुरी म्यानात कोंडून ठेवू नका. कातडे दमट हवेतले पाणी धरते आणि पाते गंजते. घरी आल्यावर सुरी पुसून कोरडी ठेवावी, म्यान शेजारी मोकळे टांगावे. आणि टांगताना खिळा थोडा उंच मारा. घरात लहान मूल असेल तर त्याच्या हाताला टिचबटण उघडायला फारसा वेळ लागत नाही!