थंडीपेक्षा कोंडलेले खुराडे घातक

अकोले-पारनेरकडे थंडी वाढली की कोंबड्यांची खुराडी पोती आणि प्लॅस्टिकने चारही बाजूंनी बंद केली जातात. हेतू चांगला, पण आत ओल्या विष्ठेतून निघणारा अमोनिया साचतो, श्वासनलिकेचे अस्तर खराब होते आणि जंतूंना वाट मोकळी होते. खुराड्यात वाकल्यावर माणसाचे डोळे झोंबत असतील, तर कोंबड्या रात्रभर तेच हुंगत असतात. वाऱ्याची बाजू झाकावी, छपराखालची फट उघडी ठेवावी, ओला भुसा बदलावा.

घरघर ऐकू आली की दुकानातून प्रतिजैविक आणून पाण्यात मिसळण्याची घाई होते. मायकोप्लाझ्मासारख्या जिवाणूवर ते पशुवैद्यकाच्या सल्ल्याने उपयोगी पडते. राणीखेत मात्र विषाणूचा रोग, त्यावर औषधच नाही. लस हवी : पहिल्या आठवड्यात लासोटा, आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी.

खरी अडचण इथेच आहे. लसीची कुपी सहसा १०० किंवा त्याहून अधिक मात्रांची. एकदा विरघळवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. दारात कोंबड्या दहा. एकटी बाई ती कशाला घेईल? बचत गटांनी दिवाळीआधी गावाचा लसीकरणाचा एक दिवस ठरवावा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याने बर्फाच्या डब्यातून लस पोचवावी. पिल्ले वाटण्याच्या योजनांना जेवढा उत्साह असतो, तेवढा इथेही दिसायला हवा.

एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या तर त्या खाऊ-विकू नयेत, दवाखान्याला लगेच कळवावे. नवापूरला बर्ड फ्लू आढळला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, हिवाळा सरता सरताच.