आधी रबरं बदला!

जुनी गाडी दिसली की लोकांच्या तोंडून एकच वाक्य येतं, "विकून टाका की आता!" सल्ला द्यायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे भाजीवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांनी तो मला दिलेला आहे. माझी गाडी २००४ सालची मारुती ८००. काटा २ लाख किलोमीटरच्या पुढे गेलाय. इंजिन अजून पहिल्या चावीला सुरू होतं. खालचा भाग मात्र थकला होता. खड्ड्यात खडखड, गतिरोधकावर 'कट्ट' असा आवाज, आणि वळणावर गाडी होडीसारखी कलायची. आता तसं होत नाही. त्यासाठी काय केलं आणि किती खर्च आला ते सांगणार आहेच, पण खरं सांगायचं तर आज मला थोडं भांडायचंय. 'विकून टाका'वाल्यांशी, 'अपग्रेड करा'वाल्या दुकानदारांशी, आणि रस्त्यांवर टेंगळं बांधून ठेवणाऱ्यांशी.

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. भौतिकशास्त्राशी माझा संबंध शाळेच्या स्टाफरूमपुरता. पण आमच्या हिला मणक्याचा त्रास सुरू झाला, दर महिन्याला राहुरीहून नगरला दवाखान्यात न्यायची वेळ आली, आणि गाडीच्या खाली काय काय असतं हे शिकणं भाग पडलं. (२०२४ मध्ये जिल्ह्याचं आणि शहराचं नाव अहिल्यानगर झालं. आमच्या पिढीच्या तोंडात अजून नगर बसलंय, त्याला इलाज नाही.) अंतर ३५-४० किलोमीटर. नगर-मनमाड रस्त्याचं काम कितीदा सुरू झालं आणि कितीदा रखडलं, हे या जिल्ह्यात शेंबडं पोरही सांगेल. दुखऱ्या मणक्याच्या माणसाला प्रत्येक खड्डा मोजता येतो. एसटीत जागा मिळाली तर मिळाली, तीही बहुधा मागच्या चाकावरची. म्हणजे गाडीचा प्रश्न हा आमच्या घरात हौसेचा प्रश्न नव्हता.

आता थोडा वर्ग घेतो. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि धक्का गिळते. पण गिळलेलं परत देणं हा स्प्रिंगचा स्वभाव. ती दाबली की उसळते, उसळली की पुन्हा दबते. तिला आवरायचं काम शॉकअपचं. त्याच्या नळीत तेल असतं, ते बारीक भोकांतून ढकललं जातं आणि धक्क्याची ताकद उष्णतेत जिरते. शॉकअप गेला की खड्डा एक आणि हेलकावे चार. तिसरा मानकरी म्हणजे रबर. गाडीखाली लोखंड लोखंडाला जिथे जिथे भेटतं तिथे मधे रबराचा बुश असतो. वय झालं की हे रबर कडक होतं, चिरतं, सैल पडतं. मग लोखंड लोखंडावर आपटतं आणि तो आवाज थेट तुमच्या पाठीत जातो.

बैलगाडीला यातलं काहीच नव्हतं. टांग्याला पाटे होते. फियाट आणि ॲम्बेसेडर या दोन्ही गाड्यांनी मागच्या बाजूला शेवटपर्यंत पाटेच वागवले. मारुती ८०० ला पुढे मॅकफर्सन पद्धतीचे शॉकअप आले, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच दांड्यावर. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्यानं दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात ही रचना रूढ केली. स्वस्त, हलकी, कमी जागेत मावणारी. आजच्या बहुतेक लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांना हीच रचना असते. सांगायचा मुद्दा हा की माझ्या जुन्या गाडीची रचना मागासलेली नाही. तिची रबरं म्हातारी झाली होती, एवढंच.

आता पहिलं भांडण, दुकानदारांशी. नगरला, पुण्याला कुठल्याही ॲक्सेसरीजच्या दुकानात जा आणि "गाडी फार आपटते" असं म्हणून बघा. समोर दोन वस्तू येतील. पहिली म्हणजे स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये बसवायचे रबरी बफर. "गाडी वर उचलली जाईल, खाली घासणार नाही," असं सांगतात. उचलली जाते, हे खरं. पण का? बफर बसला की त्या जागचे वेढे दबायचे थांबतात. काम करणारे वेढे कमी, म्हणजे स्प्रिंग जास्त ताठ. मग धक्का स्प्रिंग गिळत नाही, तो वरच्या माउंटिंगवर आणि गाडीच्या पत्र्यावर जातो, आणि तिथून सीटवर. मऊपणा हवा म्हणून गेलेला माणूस पैसे मोजून ताठपणा घरी आणतो! माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांनी हे बफर चारही चाकांना बसवून घेतले. महिनाभरात त्यांच्या सौभाग्यवतींनी गाडीत बसायला नकार दिला.

दुसरी वस्तू म्हणजे मोठी, रुंद, झगझगीत चाकं. ८०० चा मूळ टायर १४५/७० आर १२. त्या जागी मोठी रिम आणि बुटका टायर घातला की टायरच्या भिंतीची उंची कमी होते. खड्ड्याची धार पहिल्यांदा टायरची हवा आणि भिंत झेलते, बाकीचे मानकरी नंतर येतात. ती भिंतच कमी केली तर उरलेल्यांनी काय करावं? शिवाय चाक जड झालं की ते आवरायला शॉकअपला जास्त कष्ट पडतात. आणि मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करतं, हे दुकानदार पावतीवर लिहून देत नाही.

आमचा फिटर चाळिशीतला आहे, शिक्षण जेमतेम दहावी. गाडी खड्ड्यावर घेतली, बॅटरी घेऊन खाली उतरला, सळईनं एकेक सांधा हलवून पाहिला आणि म्हणाला, "सर, शॉकअपचं नंतर बघू. आधी रबरं बदलू." हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवायला तयार आहे. त्यानं ठरवलेला क्रम असा होता.

सर्वात आधी टायरची हवा. दाराच्या कडेला किंवा पुस्तिकेत दिलेली असेल तेवढीच. "थोडी जास्त भरा, ॲव्हरेज वाढतं" असं म्हणणाऱ्याचं ऐकलं की पाठीचं ॲव्हरेज कमी होतं. नंतर बुश. लोअर आर्मचे, आणि पुढच्या स्टॅबिलायझर बारचे. गतिरोधकावरचा 'कट्ट' आवाज इथूनच येत होता. हे काम शेकड्यांत होतं. त्यानंतर शॉकअपच्या वरची रबरी माउंटिंग. आणि मग शॉकअप. तेल गळल्याची ओल दिसते का, टायर जागोजागी खड्डे पडल्यासारखा झिजलाय का, गाडीचा कोपरा दाबून सोडला की एकदाच वर येऊन थांबते की डोलत राहते, हे बघून निर्णय. बदलायचे तर जोडीनं. डावा नवा आणि उजवा जुना असं केलं तर गाडी बैलजोडीतला एक खोंड नि एक म्हातारा बैल जुंपल्यासारखी चालते. शेवटी व्हील अलाइनमेंट.

दोन गोष्टी बारीक आहेत, पण तिथेच सगळं बिघडतं. बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना पक्के आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकून गाडीचं वजन आल्यावर आवळायचे. लटकत्या चाकावर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ही एक अट पाळली नाही म्हणून कित्येक गाड्यांची नवी रबरं वर्षभरात जातात आणि मालक कंपनीला शिव्या देतो. दुसरं, पुढच्या शॉकअपवरची स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते. योग्य क्लॅम्प नसताना ती सोडवायला जाणं म्हणजे जीवाशी खेळ. मोबाइलवर व्हिडिओ बघून अंगणात हा उद्योग करू नये.

जुना शॉकअप कापून, तेल भरून, वेल्डिंग करून देणारेही आहेत. निम्म्याहून कमी पैशात होतं. मी नाही म्हटलं. बुशमध्ये केलेली काटकसर आवाज करते, शॉकअपमधली काटकसर ब्रेकच्या वेळी भोवते. ज्या क्षणी चाक जमिनीवरून उडी मारतं त्या क्षणी ब्रेक दाबून काहीही होत नाही.

एकूण खर्च साडेअकरा हजार रुपये. तोही दोन टप्प्यांत, दोन महिन्यांच्या पेन्शनमधून.

आता दुसरं भांडण, 'विकून टाका'वाल्यांशी. त्यांचा एक मुद्दा मला मान्य आहे आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. माझ्या गाडीत दोन्ही नाही आणि कुठलाही बुश ती उणीव भरून काढणार नाही. रोज महामार्गावर शंभरच्या वेगानं जाणाऱ्या तरुणानं खुशाल नवी गाडी घ्यावी, मीच त्याला पेढा देईन. पण माझा हिशेब बघा. ५ लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता साधारण साडेदहा हजार होतो. म्हणजे माझं सगळं काम एका हप्त्यात आणि वर हजार रुपयांत झालं. उरलेले ५९ हप्ते दवाखान्यासाठी मोकळे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला बँक कर्ज देते का, हा प्रश्न वेगळाच. आमच्यासारख्यांच्या पुढे जुनी गाडी की नवी गाडी अशी निवड नसतेच. ठीक केलेली जुनी गाडी, तशीच खडखडणारी जुनी गाडी, नाहीतर एसटीचं मागचं सीट, यातून निवडायचं असतं. सल्ला देणाऱ्यांनी आधी हे समजून घ्यावं.

सरकारचं धोरणही जुन्या गाडीला दंड करण्याचं आहे. १५ वर्षांनंतरच्या फेरनोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारींसाठी ती १०,००० केली गेली. जवळजवळ माझ्या सगळ्या दुरुस्तीएवढी रक्कम! ही फी भरून गाडी एका बुशनंही सुरक्षित होत नाही. त्याऐवजी बुश, शॉकअप, ब्रेक यांची काटेकोर तपासणी करा, नापास करायचं तर बेलाशक करा. मी शिक्षक आहे, परीक्षेला माझी हरकत नाही. वय बघून नापास करण्याला आहे.

तिसरं भांडण रस्त्यांशी. आपल्या भागातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावरच्या डांबराला लाटा येतात. त्यावरून हंगामात उसाचे दोन-दोन ट्रेलर. हे मी समजू शकतो, माती कुणाच्या बापाची ऐकत नाही. पण गतिरोधक तर माणसं बांधतात ना? इंडियन रोड्स काँग्रेसनं त्याचं माप घालून दिलेलं आहे. रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, ताशी २५ किलोमीटर वेगानं गाडी अलगद पार व्हावी असा उतार. आता तुमच्या गावातला गतिरोधक आठवा. फूटभर रुंद, वीतभर उंच सिमेंटचा ओंडका! त्यावरून रुग्णवाहिकाही जाते, बाळंतीणही जाते आणि मणक्याचा रुग्णही जातो.

गंमत अशी की याच नगरमध्ये वाहननगरला संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. तिथे चाचणीसाठी मुद्दाम बनवलेले मार्ग आहेत. आपण मात्र पथकर आणि वाहनकर भरून रोज फुकटात चाचणी देतो.

१९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात सित्रोएन कंपनीनं 'टू सीव्ही' ही गाडी मांडली. ती शेतकऱ्यासाठी होती. कंपनीचे प्रमुख पिएर बुलांजे यांची एक अट प्रसिद्ध आहे: अंड्यांची टोपली ठेवून नांगरलेल्या शेतातून गाडी गेली तरी अंडं फुटता कामा नये. आरसे, चकचकीत पट्ट्या यांची अट नव्हती, अंड्यांची होती. खेड्यात राहणाऱ्याला गाडीकडून काय हवं असतं हे त्या माणसाला कळलं होतं. आपल्याकडे जाहिराती बघा, छताला काच आणि डॅशबोर्डला टीव्ही! अंड्यांबद्दल कुणी बोलत नाही.

असो. वाचकहो, तुमच्याकडे दमलेली जुनी गाडी असेल तर दोन कामं करा. कुठलाही भाग विकत घेण्याआधी, बॅटरी घेऊन गाडीखाली बघणाऱ्या फिटरकडे जा. पहिल्या मिनिटाला "चारही शॉकअप गेले" म्हणणाऱ्याकडून परत या. आणि पुढच्या ग्रामसभेला जाताना मोजपट्टी घेऊन जा. आधी गावातल्या एका गतिरोधकाची रुंदी आणि उंची मोजा, आणि तो आकडा सभेत उभं राहून मोठ्यानं वाचा. मी वाचणार आहे.