तिसरी पिन

परवा आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात एका शाळेच्या हॉलवर सुगम संगीताचा कार्यक्रम होता. गायिका तयार, तबला पांढरी चारला लावलेला, आणि स्पीकरमधून मात्र अखंड घूंऽऽ. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, तिला पट्टी बदला म्हणून सांगता येत नाही.

साउंड सांभाळणाऱ्या काकांनी शांतपणे खिशातून एक राखाडी अडॅप्टर काढला आणि मिक्सरचा तीन पिनांचा प्लग त्यातून सॉकेटात बसवला. तिसरी पिन, म्हणजे अर्थिंग, बाद. घूं बंद.

"काका, ते काढा प्लीज," मी म्हटलं.

"अरे, इतकी वर्षं हेच करतोय. काही झालंय का?"

इथे याला चीटर प्लग म्हणतात. देशात आपण काडीने वायरी सॉकेटात खुपसायचो, त्याचाच हा परदेशी भाऊ. गंमत म्हणजे इलाज लागू पडतो, म्हणूनच तो धोकादायक आहे.

मुळात होतं काय? मिक्सर मागच्या भिंतीवरच्या सॉकेटात, तंबोऱ्याचा ट्रॅक वाजवणारा लॅपटॉप स्टेजवरच्या. दोन्हीकडच्या अर्थमध्ये किंचित व्होल्टेजचा फरक असतो. ऑडिओ केबलच्या शील्डने दोन्ही जोडले की वर्तुळ पूर्ण होतं आणि शील्डमधून विजेच्या फ्रिक्वेन्सीचा प्रवाह वाहू लागतो. साध्या, म्हणजे अनबॅलन्स्ड केबलमध्ये सिग्नलची परतीची वाटही तीच शील्ड. समजा प्रवाह १० मिलिअँपिअर आणि शील्डचा रोध ०.१ ओम, १ मिलिव्होल्ट घरघर थेट गाण्यात मिसळली. घरगुती उपकरणांचा सिग्नल साधारण ३१६ मिलिव्होल्टचा, म्हणजे घरघर फक्त ५० डेसिबल खाली. भांगड्याला चालेल, आलापाला नाही.

थोडक्यात, दोष तिसऱ्या पिनचा नाही. एकाच वायरीला दोन कामं दिली, हा दोष आहे.

बॅलन्स्ड जोडणीत सिग्नलसाठी दोन वेगळ्या वायरी असतात. घरघर दोन्हींवर सारखी येते, मिक्सर दोन्हींतला फरक घेतो, ती वजा होते. अनबॅलन्स्ड लॅपटॉपलाही याचा बराच फायदा मिळतो. आत दोन वायरी आणि वर शील्ड असलेली केबल घ्यायची. लॅपटॉपच्या टोकाला एक वायर सिग्नलला, दुसरी वायर आणि शील्ड दोन्ही ग्राउंडला; मिक्सरच्या एक्सएलआरवर त्याच क्रमाने पिन २, पिन ३ आणि पिन १. आता नको असलेला प्रवाह शील्डमधून खुशाल वाहू दे. त्याहून पक्का उपाय म्हणजे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, तांब्याची जोडणीच नाही, मग वर्तुळ कसलं?

आणि चीटर प्लग लावल्यावर? मिक्सरच्या आत एखादी लाइव्ह वायर सुटून डब्याला टेकली, तर तिचा प्रवाह जायला अर्थची जाड वायर नाही. उरते ती बारीकशी ऑडिओ शील्ड, आणि लॅपटॉपची केबल काढली की तीही नाही. माइकची धातूची बॉडी मिक्सरच्या डब्याला जोडलेली, आणि माइक गायिकेच्या हातात. ब्रेकर १५ किंवा २० अँपिअरचा. छातीतून गेलेले ०.१ अँपिअरही जीव घेऊ शकतात. १९७२ साली स्वान्सी इथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी भर स्टेजवर गेला, तो अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून.

"काही झालंय का?" या प्रश्नाला म्हणूनच माझ्या लेखी किंमत नाही. अर्थिंगची पिन रोज काहीच करत नाही. तिचं काम एकाच दिवशी असतं.

त्या संध्याकाळी मी लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवला. वर्तुळ तुटलं, घूं गेली, मिक्सरचा प्लग तिन्ही पिनांसह परत सॉकेटात. काका म्हणाले, "हे आधी नाही का सांगायचं?"

असो. यंदा मोदकांच्या बजेटातून दोन ट्रान्सफॉर्मर घ्यावेत असा ठराव मी मांडणार आहे. काका अनुमोदन देतील असं वाटतंय. तो राखाडी अडॅप्टर सध्या माझ्या खिशात आहे, आणि तो मी परत देणार नाही.