पाणंद मुरमाचीच राहू द्या

ऊसतोड चालू आहे, त्यामुळं पंधरा दिवस इथं काही लिहिणं झालं नाही. आज पिकाचं नाही, रस्त्याचं लिहितोय. काहींना पटणार नाही, आमच्या गावातही पटलेलं नाही.

जानेवारीतली गोष्ट. खोडव्याला पाणी लावलं होतं. सकाळी नऊच्या सुमाराला देवराष्ट्रेच्या बाजूनं चार सायकली खाली आल्या. पुण्याची माणसं, तीन पोरं आणि एक बाई माझ्याच वयाच्या. सायकलीचं हँडल रेसच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, पण टायर जाड आणि नक्षीचे. ग्रॅव्हल सायकल म्हणतात म्हणे, खडी-मुरमावर चालवायची. ही माणसं मुद्दाम डांबर सोडून हिंडतात. कालव्याच्या कडेचा रस्ता, रानातली गाडीवाट, नदीचा काठ, जिथं मोटार नाही ते सगळं त्यांना चालतं. सागरेश्वरच्या डोंगराखालून कृष्णेवर उतरायचं आणि काठानं पुढं जायचं, असा बेत होता.

बाईंनी विचारलं, "दादा, इथून नदीला वाट आहे ना?" आणि मोबाईल पुढं केला. सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नकाशा होता. त्यावर गाडीवाटेची तुटक रेघ डोंगरापासून थेट नदीपर्यंत. मी बोट ठेवून बघितलं, तर ती रेघ माझ्या उसातनं जात होती.

मी म्हणलं, "ती वाट आता बंद आहे. डांबरीनं जावा." त्या म्हणाल्या, "डांबरीवर उसाच्या ट्रॅक्टरची भीती वाटते हो." बोलता बोलता नंबर घेतले, पाणी प्यायले आणि गेले डांबरीनंच.

वाट बंद आहे असं मी म्हणालो खरं. ती बंद कुणी केली हे सांगितलं नाही.

वडिलांच्या काळात त्या पाणंदीतनं समोरासमोर दोन बैलगाड्या जायच्या. गाव नकाशात ती दुहेरी तुटक रेघेनं दाखवली आहे. दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. ज्यांना माहीत नसेल त्यांनी आपल्या गावचा नकाशा एकदा काढून बघा, डोळे उघडतील. मी पहिल्यांदा एक सरी आत घेतली. मग ठिबकाच्या ओळी सरळ याव्यात म्हणून आणखी थोडी. पलीकडच्यानंही तेच केलं, कारण मी केलं होतं. दोघांनी मिळून पाणंदीची गटार करून टाकली. पावसाळ्यात डोंगराचं पाणी तिथनंच वाहायला लागलं, मग बाभळी आल्या आणि माणूस जायचा बंद झाला. लोक दुसऱ्याला बांध कोरणारा म्हणतात. मी बांध नाही, अख्खा रस्ता कोरला.

सायकलवाले गेल्यावर टेप घेऊन मोजलं. माझ्या बाजूला सव्वाचार फूट रुंद, साडेसहाशे फूट लांब. हिशेब केला तर अडीच गुंठे. एकरी पन्नास टन धरला तरी तीन टन ऊस. त्या तीन टनापायी दरवर्षी काय दिलं ते ऐका. ट्रॉली फडापर्यंत येत नाही, म्हणून टोळी मोळ्या डोक्यावरनं बाहेर काढायचे जादा पैसे घेते. ड्रायव्हरची एंट्री वेगळी. तोड लांबली की वजनात घट वेगळीच. तीन टनाचे पैसे त्यातच गेले, उलट पदरचे घातले.

पण पैशाचं सोडा. आमची पोरं हायस्कूलला डांबरी रस्त्यानं सायकलनं जातात. त्याच रस्त्यानं हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. ट्रॉलीबाहेर ऊस लोंबतोय, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर पाचटानं झाकलेला. मागच्या हंगामात संध्याकाळी आमच्या आळीतल्या एका पोराला ट्रॉलीची धडक बसली. पाय वाचला, पण वाकडा राहिला. पाणंद उघडी असती तर ते पोर त्या रस्त्यावर गेलंच नसतं, कारण पाणंदीनं शाळा जवळ पडते. हे मी त्याच्या बापाला अजून तोंडानं सांगितलेलं नाही. इथं लिहितोय.

फेब्रुवारीत खोडवा तुटला तेव्हा मी माझी बाजू सोडली. पलीकडच्यानंही सोडली, थोडं बोलून. आता गावात नवा वाद सुरू झालाय. पाणंद मोकळी होतेय म्हटल्यावर सगळे म्हणतात, वर काँक्रीट मागू, नाहीतर डांबर तरी. माझं म्हणणं, मुरमाचीच ठेवा. आणि ओढ्यावरची फरशी मुद्दाम अरुंद करा. सायकल, माणूस, म्हैस जाईल एवढीच. ज्याचं रान वरच्या बाजूला, त्याचा ट्रॅक्टर वरून येईल. ज्याचं खाली, त्याचा खालनं. पण आरपार कुणाची मोटार जाणार नाही.

का, तर डांबर पडलं की तो जवळचा रस्ता होतो. मग कारखान्याच्या गाड्या तिथनं, नदीच्या वाळूचे डंपर तिथनं. दोन वर्षांत पोरांसाठी परत रस्ता नाही. मला यावर वेडं म्हणतात. म्हणू देत.

मुरूम टिकत नाही, हा दुसरा मुद्दा. तो खरा आहे, कारण आपण मुरूम नुसता ओततो. डंपर रिकामा केला, जेसीबीनं पसरला, फोटो काढला, झालं काम. पहिल्या पावसात चिखल. रस्ता पाण्यानं जातो, चाकानं नंतर जातो. आधी दोन्ही बाजूला गटार काढायची, तिला उतार द्यायचा आणि पाणी ओढ्यात सोडायचं. मधला भाग उंच पाहिजे. बारा फुटी रस्त्याला मधोमध कडेपेक्षा तीन इंच तरी उंची असावी, म्हणजे पाणी थांबत नाही. खाली दगडाचं सोलिंग, वर मुरूम सहा इंचाच्या आतल्या थरानं. प्रत्येक थर ओला करून रोलर. ओला म्हणजे मुठीत दाबला की लाडू व्हावा, हाताला चिखल लागू नये. कोरड्यावर रोलर फिरवला तर दबत नाही, फार ओल्यावर फिरवला तर लाटा येतात. मुरमात थोडा मातीचा अंश पाहिजे, त्यानंच तो बांधतो. नुसती खडी सायकलीखाली सरकते, बैलाच्या खुरालाही लागते.

आणि काळ्या रानात काँक्रीट टिकतं असं कुणी समजू नये. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. खालची तयारी नीट नसेल तर वरची पाटी तडकते आणि तडकलेलं काँक्रीट गावाला दुरुस्त करता येत नाही. मुरमाचा खड्डा घमेलं-फावड्यानं आपला आपण बुजवतो.

त्या बाईंनी नंतर फोटो पाठवले. अमेरिकेत मिसूरी राज्यात केटी ट्रेल म्हणून वाट आहे. १९८६ साली तिथली रेल्वे बंद झाली, त्या पट्ट्यावर वाट केली, १९९० साली पहिला भाग खुला झाला. आता सुमारे २४० मैल, म्हणजे ३८५ किलोमीटर. बराच भाग मिसूरी नदीच्या काठानं, मका-सोयाबीनच्या रानातनं. वर काय, तर चुनखडीच्या दगडाचा बारीक चुरा दाबून बसवलेला. श्रीमंत देश, पण तिथंही डांबर नाही. आणि मोटारीला बंदी. मला जास्त आवडलं ते पुढचं. तिथले शेतकरी आधी विरोधात होते. रेल्वे गेली, आता जमीन आम्हाला परत पाहिजे म्हणून कोर्टात गेले. मला ते पटतं. मालकी त्यांची होती, रेल्वेला फक्त जायचा हक्क होता, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडं उलटं आहे. पाणंद सरकारी नकाशात आहे, आपण ती खाल्ली आहे, आणि विरोधाला पण आपणच पुढं.

पर्यटनाचं मात्र मला कुणी सांगू नये. चार सायकलवाल्यांनी चहा घेतला म्हणून गाव श्रीमंत होत नाही. ते येतील, जातील, प्लॅस्टिकच्या बाटल्या टाकल्या नाहीत म्हणजे मिळवलं. आणि सागरेश्वर १९८५ पासून अभयारण्य आहे, तिथं सायकल घेऊन मनाला येईल तिथं शिरता येत नाही, वनखात्याला विचारूनच जायचं. आमचा तिथल्या सांबर-चितळाशी वेगळा हिशेब आहे, रात्री रानात उतरतात आणि कोवळं पीक फस्त करतात. पाणंद साफ झाली तर जनावरं त्याच वाटेनं सरळ खाली येतील, असं एकानं म्हणलं. मी म्हणतो आत्ता बाभळीच्या आडोशानं येतात, दिसत नाहीत. मोकळ्या वाटेवर निदान बॅटरीत दिसतील.

ज्यांच्या पाणंदी अडल्यात त्यांच्यासाठी एक. चालू रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडं अर्ज करायचा. पण अडवल्यापासून सहा महिन्यांत करायचा. हे लोक विसरतात. बांधावरून नवीन रस्ता मागायचा असेल तर जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १४३. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अर्जात मिसळू नका, नाहीतर तारखा पडत राहतात. आमच्यात अर्जाची वेळ आली नाही, कारण पहिला चोर मीच होतो आणि मीच आधी बाजूला झालो.

आता अडलंय ते नदीकडच्या टोकाला, चाळीस फुटात. तिथं एकाचा आडसाली ऊस उभा आहे. तो म्हणतो, तुटला की बघू. मार्चअखेर तुटेल. तोवर वरचं गटारीचं काम आम्ही पाच-सहा जण करून घेतोय.

एक अडचण विचारायची आहे. ओढ्याच्या अलीकडं तीनशे फूट तुकडा निव्वळ काळा आहे आणि कालव्याचा पाझर असल्यानं बारा महिने ओलसर. तिथं सोलिंग टाकलं तरी दगड मातीत बसत जातो असं जुनी माणसं सांगतात. खाली आधी मुरमाचा थर घालून मग दगड टाकावा, की आधी पाझराची चर काढून वर्षभर रान वाळू द्यावं? कुणी अशा रानात रस्ता करून दोन पावसाळे काढले असतील तर कमेंटमध्ये फोटो टाका. दुसऱ्या पावसाळ्यानंतरचा टाका, उद्घाटनाचा नको.