फाऊल, नवखा आणि भिंतीवरचा कागद

‘स्नूकर’ हे आज एका खेळाचे नाव आहे, पण मुळात तो एक टोमणा होता. इंग्लंडमध्ये वुलिच येथे तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना घडवणारी लष्करी अकादमी होती. तेथे पहिल्या वर्षात दाखल झालेल्या, अजून काहीच न येणाऱ्या कॅडेटला जुनी मुले ‘स्नूकर’ म्हणून हिणवत. नवख्याला हिणवण्याचा हा शब्द भारतात आला आणि येथूनच जगभर गेला. पूल आणि स्नूकरच्या टेबलावरील फाऊल, दंड आणि न्याय यांचा विचार करताना हा उगम ध्यानात ठेवावा, कारण या टेबलांवर आजही सर्वाधिक अन्याय नवख्यावरच होतो.

१८७५ साल. जबलपूरची छावणी, पावसाळ्याचे दिवस. डेव्हनशायर रेजिमेंटच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाचा तरुण लेफ्टनंट ‘ब्लॅक पूल’ खेळत असे. (पुढे म्युनिक करार करणारा ब्रिटिश पंतप्रधान तो हा नव्हे. नामसाधर्म्यामुळे दोघांची गल्लत वारंवार होते.) तोचतोचपणाला कंटाळून त्याने खेळात आणखी रंगीत चेंडू घातले. एके दिवशी एका खेळाडूचा सोपा फटका हुकला आणि चेंबरलेनने त्याला ‘स्नूकर’ म्हटले. तो चिडला असावा, कारण लगेच सारवासारव झाली : या नव्या खेळात आपण सारेच नवखे, तेव्हा खेळालाच हे नाव देऊन टाकू.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे सावध असावे. ही हकिकत प्रामुख्याने चेंबरलेनच्याच पत्रावर उभी आहे आणि ते पत्र छापून आले १९३८ साली, म्हणजे घटनेनंतर ६३ वर्षांनी. इतर जुन्या अधिकाऱ्यांनी तिला दुजोरा दिल्यामुळे ती सामान्यतः स्वीकारली गेली. तरीही म्हाताऱ्या सेनाधिकाऱ्याची आठवण आणि त्या रात्रीची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जबलपूर बीडपासून लांब असले, तरी ही छावणी-संस्कृती बीड जिल्ह्याला अपरिचित नव्हती. निजामाच्या राज्यातील मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, हे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाचे ठाणे होते. इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेस, घोड्यांच्या पागा, कवायतीची मैदाने हे सारे या गावाने पाहिले. पुढे कंटिंजंट भारतीय सेनेत विलीन झाली आणि छावणीचे दिवस सरले. बिलियर्ड्सचा खेळ मात्र मेस, क्लब आणि राजवाडे यांच्या भिंतींआडच राहिला. सामान्य माणसाच्या हाती तो आला पूलच्या रूपाने, आणि तोही फार उशिरा. आता जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी दुमजली गाळ्यात एखादे टेबल असते, वर दिवा असतो, तासाचा दर ठरलेला असतो आणि कॉलेजची मुले रांगेत उभी असतात. ब्रिटनमध्ये हा खेळ पबमधला म्हणून ओळखला जातो. आपल्याकडे त्याच्या जोडीला चहा असतो, एवढाच काय तो फरक.

या टेबलावरील एक रूढी सर्वपरिचित आहे : टेबलाचे पैसे हरणाऱ्याने भरायचे. ती आधुनिक वाटते, प्रत्यक्षात ती खेळाच्या नावातच दडलेली आहे. फ्रेंच ‘पूल’ म्हणजे कोंबडी, आणि त्यावरून पत्त्यांच्या डावात सर्वांनी मिळून मध्ये ठेवलेली रक्कम. इंग्रजीत हा शब्द एकत्र केलेल्या पैशासाठी रूढ झाला. एकोणिसाव्या शतकातील ‘लाइफ पूल’मध्ये प्रत्येक खेळाडूला वेगळ्या रंगाचा चेंडू आणि तीन ‘जीव’ मिळत. जीव गेला की पैसे द्यायचे, आणि शेवटी जो टिकेल त्याला सारी रक्कम. अमेरिकेत ‘पूलरूम’ ही मुळात घोड्यांच्या शर्यतींवर पैजा लावण्याची जागा होती. गिऱ्हाइकांचा वेळ जावा म्हणून तेथे टेबले मांडली गेली आणि बदनामी मात्र टेबलांच्या वाट्याला आली. सांगायचा मुद्दा असा की या खेळात फाऊलचा निर्णय पूर्वीपासून पैशाशी बांधलेला आहे. गावाकडून शिकायला आलेल्या मुलाच्या खिशातील शंभर रुपये एका वादग्रस्त फाऊलवर जातात, तेव्हा तो वाद क्षुल्लक राहत नाही.

मग फाऊल झाल्यावर न्याय्य ते काय?

मराठी वाचकाला यासाठी कॅरमपासून आरंभ करणे सोपे जाईल. स्ट्रायकर पॉकेटमध्ये गेला तर खेळी जाते आणि आपण जिंकलेली एक सोंगटी परत पटावर येते. जिंकलेली सोंगटीच नसेल तर ती ‘ड्यू’ राहते, म्हणजे उधारी खाती चढते आणि पुढे फेडावी लागते. येथे दंड चुकणाऱ्याच्या मिळकतीतून वसूल होतो. स्नूकरची रीत निराळी. तेथे फाऊलचे किमान ४ आणि कमाल ७ गुण थेट प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात जमा होतात. चुकणाऱ्याचे काही काढून घेतले जात नाही, समोरच्याला भरपाई दिली जाते. पूलमध्ये दोन्ही नाही. तेथे ना गुण असतात, ना जिंकलेला चेंडू परत येतो. तेथे प्रतिस्पर्ध्याला मोकळीक मिळते : पांढरा चेंडू हातात घेऊन हवा तेथे ठेवण्याची, किंवा जुन्या ब्रिटिश रिवाजात सलग दोन खेळींची.

पूलने ही तिसरी वाट का धरली, याचे एक कारण तरी यंत्रात सापडते. १९६० च्या दशकापासून ब्रिटनच्या पबमध्ये नाणे टाकून चालणारी, सुमारे सात फुटी टेबले पसरली. पॉकेटमध्ये गेलेला रंगीत चेंडू पेटीत अडकतो आणि पुढचे नाणे पडेपर्यंत बाहेर येत नाही. पांढरा चेंडू तेवढा परत यावा म्हणून तो बहुधा आकाराने थोडा लहान केलेला असतो आणि वेगळ्या वाटेने बाहेर घरंगळतो. अशा टेबलावर कॅरमसारखी उधारी वसूल करणे शक्यच नाही, कारण सोंगटी परत ठेवायला हाती तर यायला हवी. लोखंडी पेटीने नियमाला वळण लावले ते असे.

आता तालुक्याच्या गावातील टेबलाकडे येऊ. तेथे बहुधा अमेरिकन पद्धतीचे चेंडू असतात : १ ते ७ एकरंगी, ९ ते १५ पट्ट्यांचे आणि ८ क्रमांकाचा काळा. एका खेळाडूने एक गट घ्यायचा, तो संपवायचा आणि मग काळा घालायचा. खेळ इतकाच. कटकट सारी फाऊलची. पांढरा पॉकेटमध्ये गेला, आपल्या गटाऐवजी आधी दुसऱ्याच्या चेंडूला लागला, एखादा चेंडू टेबलाबाहेर उडाला, हात किंवा बाही चेंडूला लागली, दोन्ही पाय जमिनीवरून सुटले, चेंडू थांबण्याआधीच फटका मारला, हे फाऊल सर्वांना ठाऊक असतात. आणखी एक फाऊल मात्र अनेकांना ठाऊक नसतो : पांढऱ्याने योग्य चेंडूला स्पर्श केला, पण त्यानंतर एकही चेंडू पॉकेटमध्ये गेला नाही आणि एकही कुशनला लागला नाही, तर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तोही फाऊल. हळूच चेंडू टेकवून समोरच्याला अडकवून ठेवणाऱ्यांची मक्तेदारी या एका कलमाने मोडते.

दंड कोणता असावा, याविषयी दोन पक्ष आहेत. जुन्या रिवाजातील दोन खेळी सौम्य वाटतात, पण त्यात एक खोट आहे. पांढरा पॉकेटमध्ये गेला नसेल तर तो जेथे थांबला तेथूनच खेळावे लागते. म्हणजे मुद्दाम फाऊल करून पांढऱ्याला अडचणीच्या जागी नेऊन ठेवणाऱ्याचा काही अंशी फायदाच होतो. हवा तेथे चेंडू ठेवण्याची मुभा हा लाभ मुळापासून काढून घेते. नवख्याला ती कठोर वाटते, कारण त्याचेच फाऊल अधिक होतात. तरीही नवख्याचे हित तीतच आहे. निष्णात खेळाडू अपघाताने क्वचित चुकतो, हिशोब करून चुकणे त्याला जमते, आणि त्या हिशोबी चुकीला वेसण घालण्याचा दुसरा उपाय नाही. सुरुवातीच्या ब्रेकवर पांढरा गेला तर तो टेबलाच्या वरच्या रेषेमागूनच खेळावा, एवढा अपवाद पुरेसा आहे.

सर्वांत मोठा अन्याय होतो तो काळ्या चेंडूवर. ‘ब्लॅकवर खेळताना व्हाइट गेला की डाव संपला’ हे वाक्य अनेक टेबलांवर ब्रह्मवाक्यासारखे उच्चारले जाते. आंतरराष्ट्रीय नियम तसे म्हणत नाहीत. काळा आणि पांढरा एकाच फटक्यात गेले तर डाव हरला. आपला गट संपण्याआधी काळा गेला, न सांगितलेल्या पॉकेटमध्ये गेला किंवा टेबलाबाहेर उडाला, तरी हरला. पण काळा टेबलावरच राहिला आणि केवळ पांढरा गेला, तर तो साधा फाऊल. समोरच्याने पांढरा हातात घ्यावा आणि डाव पुढे चालावा. सात चेंडू नीट घालून शेवटी एका घसरणीने पैसे गमावलेला नवखा असे कितीतरी डाव विनाकारण हरलेला असतो. एखाद्या टेबलाला हाच कडक नियम प्रिय असेल तर असो. तो डावाआधी सांगितला गेला पाहिजे. काळ्यावर पोचल्यानंतर सांगितलेला नियम हा नियमच नव्हे. त्याला मराठीत ‘रडीचा डाव’ हा जुना शब्द आहे.

आणि फाऊल सांगायचा कोणी? क्लबच्या स्नूकरमध्ये मुरलेला संकेत असा आहे की आपला फाऊल आपणच सांगावा. बाही चेंडूला पुसट लागली हे अनेकदा मारणाऱ्यालाच कळते, पंचालाही दिसत नाही. हा संकेत उमरावांच्या सभ्यतेतून आला म्हणून त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. त्यामागे व्यवहारही आहे : ज्याच्याकडे माहिती आहे, त्यानेच ती द्यावी. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. वैयक्तिक खेळात जागतिक विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय मानले जातात. आपल्याकडे खेळाची ही शिस्त काही कालपरवाची नाही.

अर्थात सगळेच प्रामाणिक नसतात, म्हणून आणखी दोन तरतुदी आहेत. पहिली : पंच नसेल तर प्रतिस्पर्ध्याने पुढच्या फटक्याआधी आक्षेप घ्यावा. पुढचा फटका झाला की तो फाऊल घडलाच नाही असे धरायचे. तीन खेळींनंतर ‘मघाशी तुझा हात लागला होता’ म्हणणाऱ्याला येथे जागा नाही. दुसरी : दोन चेंडू अगदी जवळ असतील आणि कोणत्याला आधी लागेल याची शंका असेल, तर फटक्याच्या आधीच बाजूला उभ्या असलेल्या तिसऱ्याला पाहायला सांगावे. त्यालाही ठरवता आले नाही तर निर्णय मारणाऱ्याच्या बाजूने. आवाज ज्याचा मोठा त्याच्या बाजूने, ही पद्धत कोणत्याही नियमपुस्तकात नाही. येथे एक अडचण मान्य करावी लागेल. तो तिसरा माणूस बहुधा रोज येणाऱ्याचा मित्र असतो. म्हणून त्याला बोलवायचे ते फटक्याआधी, आणि शक्य तर टेबलाच्या मालकालाच.

चेंबरलेनकडे परत जाऊ. जबलपूरनंतर तो अफगाण युद्धात जखमी झाला आणि पुढे मद्रास सैन्याचे सरसेनापती फ्रेडरिक रॉबर्ट्स यांच्या हाताखाली उटीला आला. १८८० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्याने तेथील क्लबच्या बिलियर्ड्स खोलीत स्नूकरचे नियम लिहून भिंतीवर लावले. तोपर्यंत प्रत्येक मेसचा स्नूकर निराळा असावा, यात नवल नाही. बदली होऊन आलेला अधिकारी पहिल्याच रात्री यजमानांच्या ‘आमच्याकडे असेच असते’पुढे हतबल होत असणार. भिंतीवर कागद लागला आणि नव्याने आलेल्यालाही जुन्यांइतकेच नियम ठाऊक झाले. वसाहतीच्या क्लबमध्ये भारतीयांना प्रवेश किती होता हा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे. त्या कागदाचे औचित्य त्यामुळे कमी होत नाही.

बीड जिल्ह्यातील टेबलांच्या मालकांनी एवढे तरी करावे. ज्या अंबाजोगाईत दासोपंतांनी अखंड पासोडीवर ग्रंथ लिहिला, तेथे आठ ओळींना जागा अपुरी पडू नये. त्या आठ ओळींत काय असावे? फाऊल कोणते. फाऊलनंतर पांढरा हातात, की दोन खेळी. ब्रेकचा अपवाद. पॉकेट सांगायचे की नाही. काळ्यावर पांढरा गेला तर काय. आक्षेप पुढच्या फटक्याआधी. शंका असेल तर कोणाला बोलवायचे. आणि शेवटची ओळ पैशाची : वाद मिटलाच नाही तर तो डाव रद्द, आणि टेबलाचे पैसे दोघांनी निम्मे निम्मे भरायचे.