पाण्याखालील सेवेचें ऋण

नीरेच्या डाव्या कालव्यावर वाढलेल्या आमच्या माळेगांव बुद्रुकच्या मुलास समुद्राची ओळख ती किती असणार? त्याचें पाणी म्हणजे विहीर, पाट आणि उसाच्या सऱ्या. रणांगणावर झुंजलेल्या सैनिकाची कथा त्यास सहज समजते. पाणबुडीवर सेवा केलेल्या पित्याची कथा मात्र त्याच्या पोटच्या लेकरासही उमगत नाहीं, आणि पिता निवर्तल्यावर, “वडिलांनीं युद्धांत केलें तरी काय?” हा प्रश्न तें लेकरूं उराशीं धरून बसतें.

‘कलवरी’ ही आपली पहिली पाणबुडी ८ डिसेंबर १९६७ रोजीं, त्या वेळीं सोव्हिएत संघांत असलेल्या रीगा बंदरांत, आरमारांत दाखल झाली. पुढें चारच वर्षांनीं, १९७१ च्या डिसेंबरांत, युद्ध पेटलें. तेव्हां ‘करंज’ व ‘कुरसुरा’ अरबी समुद्रांत, आणि शिवछत्रपतींच्या जलदुर्गाचें नांव धारण करणारी ‘खांदेरी’ पूर्वेच्या समुद्रांत होती. या तिघींपैकीं एकीनेंही शत्रूचें जहाज बुडविलें नाहीं. लेकराचें मन खट्टू होतें तें येथेंच.

परंतु पाणबुडीची सेवा बुडविलेल्या जहाजांवर मोजणें मला मुळींच मान्य नाहीं. त्याच युद्धांत, ९ डिसेंबरच्या रात्रीं, पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीनें दीवजवळ आपली ‘खुकरी’ बुडविली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नाविक समुद्राच्या पोटांत गेले. पाण्याखालीं कोणी दडून आहे ही नुसती शंकाच नाविकांची झोंप उडविते, ती यामुळें. ही शंका शत्रूच्या मनांत जागती ठेवणें हेंच पाणबुडीचें अर्धें काम होय. शिवाय पक्की ओळख पटल्यावांचून कोणत्याही जहाजावर मारा करावयाचा नाहीं, असा निर्बंध ‘कुरसुरा’वर होता. हातीं शस्त्र असतां तें आवरून धरण्यास धैर्य लागत नाहीं, असें कोण म्हणेल?

आणि तें जिणें तरी कसें! सुमारें ९१ मीटर लांबीच्या पोलादी नळींत पाऊणशें माणसें. तेलाच्या वासानें जड झालेली हवा. गोडें पाणी इतकें मोजकें कीं स्नान ही चैन. बॅटऱ्या भारण्यासाठीं नळीचें तोंड पाण्याबाहेर काढून हवा ओढून घ्यावी लागे, आणि शत्रूच्या दृष्टीस पडण्याचें भय त्याच घटकेस अधिक. आपण कोठें आहोंत तें घरीं कळवावयाचें नाहीं. घरीं परतल्यावरही तोंडास कुलूपच. (लढाईची गोष्ट न सांगणारा सैनिक म्हणजे लढाई न पाहिलेला सैनिक, असें आमच्या पारावरचें लोक खुशाल ठरवून टाकतात.)

‘करंज’चे त्या वेळचे अधिपति विजयसिंह शेखावत यांस वीरचक्र मिळालें, पुढें ते नौसेनाप्रमुख झाले, आणि १० मार्च २०२१ रोजीं मुंबईस नवी ‘करंज’ आरमारांत आली त्या समारंभास प्रमुख पाहुणे तेच होते. अधिपतीचें नांव इतिहास राखतो, हें योग्यच. यंत्रापाशीं रात्र काढणाऱ्या नाविकाचें नांव मात्र त्याच्या घरानेंच राखावयाचें असतें, आणि त्यासाठीं पराक्रमाची खोटी कथा रचण्याचें कांहीं कारण नाहीं.

‘कुरसुरा’ २००२ सालापासून विशाखापट्टणच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. पालकांनीं आणि शाळांनीं सहलीसाठीं एकदां तरी इतक्या दूर जावें, असें माझें आग्रहाचें मागणें आहे. आंतल्या अरुंद शय्या मुलांस हातानें चांचपून पाहूं द्याव्यात. तेथें माहिती सांगणारे गृहस्थ आरमारांतून निवृत्त झालेले असतात. वडिलांस विचारावयाचें राहून गेलेलें त्यांस विचारतां येतें.